टेलिफोनच्या तारेवरचं ब्रॉडबँड: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लँडलाइनच्या तारेवरून येणाऱ्या इंटरनेटबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एक प्रश्न दुसऱ्यात मिसळतो तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. नेट सारखं तुटतंय एवढीच तक्रार असेल, तर आधी ९ आणि १० वाचा.

१. त्याच जुन्या टेलिफोनच्या तारेतून एवढं वेगवान नेट येतं तरी कसं?

टेलिफोनने तांब्याच्या तारेची ताकद कधी पुरती वापरलीच नव्हती. बोलणं नीट कळायला ३०० ते ३४०० हर्ट्झचा पट्टा पुरतो, त्यामुळे फोनची सगळी यंत्रणा तेवढ्यापुरतीच उभी राहिली. त्याच्या वरची जागा रिकामी पडून होती, ती डीएसएल, म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून नेट आणणारं तंत्र, वापरतं. त्याच्या साध्या घरगुती प्रकारात, एडीएसएलमध्ये, साधारण २५ किलोहर्ट्झपासून १.१ मेगाहर्ट्झपर्यंतचा भाग नेटसाठी असतो.

खरी करामत पुढे आहे. हा पट्टा ४.३१२५ किलोहर्ट्झचा एक, अशा कप्प्यांत विभागलेला असतो. ०पासून मोजले तर एकूण २५६. मोडेम सुरू होताना एकेक कप्पा तपासला जातो: इथे गोंगाट किती, सिग्नल किती क्षीण होऊन पोचतोय. कप्पा स्वच्छ असेल तर त्यात एका वेळी १५ बिटपर्यंत भरतात, गोंगाटाचा असेल तर दोन-तीनच, आणि अगदीच वाया गेलेला असेल तर तो सोडून देतात. हे भरलेले कप्पे सेकंदाला ४००० वेळा पाठवले जातात. म्हणजे पूर्ण भरलेला एकच कप्पा सेकंदाला ६० किलोबिट वाहून नेतो, अख्ख्या डायल-अप मोडेमपेक्षा जास्त. या पद्धतीला डीएमटी म्हणतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातले जॉन चिऑफी यांचा ती डीएसएलसाठी घडवण्यात मोठा वाटा आहे. जमिनीत कित्येक वर्षं पुरलेल्या, कुठे चांगल्या तर कुठे खराब तारेतून जमेल तेवढं काढून घेणारी ही रचना मला आजही थक्क करते.

२. मग डायल-अप त्याच तारेवर इतकं हळू का होतं?

कारण डायल-अप हा एक साधा फोन कॉलच असायचा. एक्स्चेंजच्या दृष्टीने तो आवाज, म्हणून आवाजाच्या अरुंद पट्ट्यातूनच त्याला जावं लागे, आणि वेग सेकंदाला ५६ किलोबिटवर अडकायचा. अडथळा तारेचा नव्हताच. डीएसएलचा सिग्नल एक्स्चेंजमध्ये पोचताच आवाजापासून वेगळा काढला जातो आणि डीस्लॅम नावाच्या उपकरणात जातो, कॉल जोडणाऱ्या यंत्रणेत तो शिरतच नाही. म्हणूनच नंबर फिरवावा लागत नाही आणि लाइन 'एंगेज'ही होत नाही.

३. नेट चालू असताना फोनवर बोलता येतं का? आणि फिल्टर प्रत्येक फोनला लावायचा का?

बोलता येतं. मात्र फिल्टर, म्हणजे नेटचा सिग्नल फोनपासून दूर ठेवणारी छोटी डबी, हवाच, आणि मोडेम सोडून लाइनवर जे जे जोडलंय त्या प्रत्येकाला हवा: शयनघरातला जास्तीचा फोन, फॅक्स, कॉलर आयडीचा डबा, सगळ्यांना. फिल्टर नसलेला एक फोनही पुरे होतो. रिसीव्हर उचलला किंवा रिंग वाजली की नेट तुटतं, आणि फोनवर सूं असा आवाज ऐकू येतो. मोडेमला मात्र फिल्टरमागे लावायचं नाही. स्प्लिटर (फोन आणि नेट दोन भोकांत वेगळं करणारी डबी) असेल तर त्याच्या डीएसएल लिहिलेल्या भोकातच मोडेमची वायर जायला हवी. पहिल्यांदा जोडणी करताना ही अदलाबदल फार जणांकडून होते.

घरफोडीच्या अलार्मची गोष्ट वेगळी आहे. काही अलार्म संकटाच्या वेळी बाकीचे फोन तोडून लाइन स्वतःकडे घेतात, म्हणजे ते तारेच्या मधोमध बसवलेले असतात. तिथे छोटा फिल्टर पुरत नाही. तार घरात शिरते तिथेच, अलार्मच्या आधी, मुख्य स्प्लिटर बसवून घ्यावा लागतो.

४. एडीएसएल, एडीएसएल२+, व्हीडीएसएल२, जी.फास्ट... यातलं माझ्याकडे कोणतं?

ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या मोडेमच्या पानावर 'मोड' किंवा 'मॉड्युलेशन' या शब्दापुढे ते लिहिलेलं असतं. १९९९मध्ये मानक ठरलेलं एडीएसएल सेकंदाला ८ मेगाबिटपर्यंत जातं. २००३चं एडीएसएल२+ पट्टा दुप्पट करून, २.२ मेगाहर्ट्झपर्यंत नेऊन, २४ मेगाबिट गाठतं. २००६चं व्हीडीएसएल२ त्याच्याही वर जातं. त्याच्या घरोघरी वापरल्या जाणाऱ्या प्रकारांत १७ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा वापरतात आणि तार छोटी असेल तर १०० मेगाबिटच्या आसपास वेग मिळतो. जी.फास्ट १०६ मेगाहर्ट्झ आणि पुढे जातं, पण त्याला तार काही शे मीटरच्या आतच लागते.

पट्टा जितका वर, तितकी तार छोटी हवी. एवढं लक्षात ठेवलं तर जाहिरातीतला आकडा पाहून फसगत होत नाही. कारण प्रश्न ६मध्ये आहे.

५. डाउनलोड एवढा आणि अपलोड इतका कमी का? कंपनी मुद्दाम अडवते का?

मुळात हे तंत्रच तसं आखलंय. एक्स्चेंजमधून शेकडो जोड्या एकाच जाड केबलमध्ये बाहेर पडतात. तिथे बाहेर जाणारे सिग्नल ताजे, जोरदार असतात, तर घरांकडून येणारे सिग्नल मैलोन्‌मैल येऊन दमलेले असतात. दोघांनी एकच पट्टा वापरला तर शेजारच्या जोडीचा जोरदार सिग्नल गळून या दुबळ्या सिग्नलला बुडवून टाकतो. म्हणून येण्या-जाण्याचे पट्टे वेगळे ठेवले आणि घराकडे येणाऱ्याला मोठा वाटा दिला: एडीएसएलमध्ये साधारण १३८ किलोहर्ट्झच्या खाली अपलोड, वर डाउनलोड. घराच्या बाजूला सगळे मोडेम पांगलेले असतात, त्यामुळे तिथे ही गळती तेवढी त्रास देत नाही. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बेलकोर या अमेरिकेतल्या टेलिफोन संशोधन संस्थेचे जोसेफ लेकलायडर यांनी ही असमान वाटणीची कल्पना मांडली आणि घरगुती डीएसएलची वाट मोकळी झाली.

सतत मोठ्या फायली पाठवणं हे तुमचं काम असेल, तर एडीएसएल तुमच्यासाठी नाही. व्हीडीएसएल२वर अपलोड बराच बरा असतो.

६. घर एक्स्चेंजपासून लांब आहे. किती अंतरावर किती वेग धरावा?

तार लांबत गेली की वरच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात. वरचे कप्पे एकेक करून रिकामे होतात आणि वेग घसरतो. चांगल्या तारेवर एडीएसएल२+ला १ किलोमीटरच्या आत वीसच्या वर मेगाबिट मिळू शकतात, ३ किलोमीटरवर आठच्या आसपास, आणि ५ किलोमीटरवर एक-दोन मेगाबिट मिळाले तरी समाधान मानावं. व्हीडीएसएल२चा फायदा पहिल्या किलोमीटरभरातच दिसतो. दीड किलोमीटरनंतर ते आणि एडीएसएल२+ जवळपास सारखंच.

हे अंतर नकाशावरचं सरळ रेषेतलं नसतं. तार रस्त्याच्या कडेने, खांबावरून, जोडपेटीतून वळसे घेत येते. एक्स्चेंजची इमारत गच्चीवरून दिसत असतानाही तार कधीकधी दुप्पट लांब निघते. उलट, रस्त्यावरच्या पेटीत डीस्लॅम बसवून तिथपर्यंत फायबर आणलेलं असेल, तर अंतर त्या पेटीपासून मोजायचं.

७. शेजाऱ्याला माझ्या दुप्पट वेग मिळतो. भिंत एक, मग फरक कसा?

भिंत एक असली तरी तांब्याची जोडी वेगळी असते. त्याच्या जोडीतले सांधे बरे असतील, तार जाड असेल (०.५ मिलिमीटरची तार ०.४च्या तारेपेक्षा सिग्नल दूर नेते), किंवा ती वेगळ्या केबलमधूनच येत असेल. आणखी एक कारण सहसा कुणाच्या लक्षात येत नाही: तुमच्या जोडीला वाटेत कुठेतरी जुनी, वापरात नसलेली फांदी जोडलेली असू शकते. तिच्या उघड्या टोकावरून सिग्नल परतून येतो आणि काही कप्पे खाऊन टाकतो. बोलण्यात याचा काहीच फरक कळत नाही, म्हणून अशी फांदी कित्येक वर्षं तशीच राहते. लाइनमन ती मोजणीयंत्रावर शोधू शकतो, तेवढं मागा. बाकी फरक घरातल्या वायरिंगचा असतो, तो प्रश्न १०मध्ये.

८. मोडेम १६ दाखवतो, पण फाइल पावणेदोनच्या वेगानेच उतरते. बाकीचं कुठे गेलं?

बहुतेक कुठेच नाही. मोडेम मेगाबिटमध्ये सांगतो, फाइल उतरताना दिसतो तो मेगाबाइटचा आकडा. ८ बिटचा १ बाइट, म्हणून १६ भागिले ८ म्हणजे २. शिवाय एडीएसएलवर डेटा ५३ बाइटच्या छोट्या तुकड्यांतून जातो आणि त्यातले ५ बाइट फक्त पत्त्याचे. हे आणि इतर वेष्टनं धरून १०-१५ टक्के वजा करा. पावणेदोन म्हणजे लाइन उत्तम चालली आहे.

९. मोडेमच्या पानावर अटेन्युएशन, एसएनआर मार्जिन असं काय काय दिसतं. त्यातलं काय बघायचं?

हे दोन आकडे समजून घ्या. तक्रार करताना याच्याइतकं उपयोगी काहीच नाही.

अटेन्युएशन म्हणजे वाटेत सिग्नल किती क्षीण झाला, डेसिबलमध्ये. आकडा कमी तेवढा चांगला. एडीएसएलवर २०च्या आत असेल तर तार उत्तम, ४०पर्यंत ठीक, ६०च्या वर गेला तर जेमतेम चालणार. हा आकडा मुख्यतः तारेच्या लांबीवर ठरतो आणि रोज फारसा हलत नाही. तो एकाएकी वाढला तर तारेला काहीतरी झालंय असं समजा.

एसएनआर मार्जिन म्हणजे आत्ताच्या वेगाला जेवढं लागतं त्याहून सिग्नल गोंगाटाच्या किती वर आहे, ती शिल्लक. इथे मोठा आकडा चांगला. जोडणी होताना पुष्कळ ठिकाणी ६ डेसिबलचं मार्जिन धरून वेग ठरवतात. पुढे गोंगाट वाढला की ही शिल्लक आटते, आणि शून्याजवळ आली की लाइन तुटते. म्हणून दिवसात दोन-तीनदा, विशेषतः संध्याकाळी, हा आकडा टिपून ठेवा. सकाळी मार्जिन ९ डेसिबल आणि रात्री १ डेसिबल दिसत असेल तर तुमचा शत्रू रात्रीचा गोंगाट आहे (प्रश्न १२). मार्जिन दिवसभर ६वर स्थिर आणि मोडेम दाखवतो तो वेगही नेहमीइतका असून नेट हळू असेल, तर दोष बहुधा तारेचा नाही. तो घरातल्या वायफायचा किंवा कंपनीच्या पुढच्या जाळ्याचा.

सोबत सीआरसी चुकांचा, म्हणजे वाटेत बिघडून पोचलेल्या डेटाचा, आकडा असतो. थोड्या चुका सगळ्यांकडेच होतात. दर मिनिटाला शेकड्याने वाढत असतील तर तो पुरावा म्हणून स्क्रीनशॉट काढून ठेवा.

१०. नेट दिवसातून कितीतरी वेळा तुटतं. सुरुवात कुठून करू?

घरातून. बाहेरची तार तुमच्या हातात नाही, पण शेवटचे पंधरा-वीस मीटर आहेत, आणि बिघाड तिथेच निघण्याची शक्यता मोठी असते.

घरात तार शिरते ती पहिली पेटी शोधा. घरातली बाकी सगळी वायरिंग तिथून सोडवा आणि फक्त एक साधा वायरवाला फोन लावा, कॉर्डलेस नको. डायल टोन येताच कोणताही एक आकडा दाबा म्हणजे टोन थांबेल, आणि त्या शांततेत कान देऊन ऐका. खरखर, कटकट, गुणगुण ऐकू आली तर दोष बाहेरच्या तारेत आहे आणि ही तक्रार 'फोनमध्ये खरखर' अशी नोंदवा. नेटच्या तक्रारीपेक्षा फोनच्या तक्रारीवर तारेचा माणूस लवकर येतो, असा माझा अनुभव आहे.

आवाज स्वच्छ असेल तर त्याच पेटीत मोडेम छोट्या वायरने लावून काही तास बघा. मार्जिन वाढलं आणि तुटणं थांबलं, तर गुन्हेगार घरातली वायरिंग. मग एकेक फांदी परत जोडत जा. खिळ्याने दाबलेली वायर, हिरवा थर चढलेला स्क्रू, पीळ नसलेली लांबलचक चपटी एक्स्टेन्शन, अशी कारणं निघतात. या चपट्या वायरमध्ये दोन तारा एकमेकींना पीळ न देता समांतर जातात, त्यामुळे ती आजूबाजूचा विजेचा गोंगाट ओढून घेते. मोडेम पहिल्या पेटीजवळ ठेवा, आणि लांब न्यायचीच असेल तर नेटवर्क केबल न्या, टेलिफोनची वायर नको.

११. पाऊस पडला की नेट जातं आणि ऊन पडलं की आपोआप येतं. असं का?

सांध्यात पाणी शिरतंय. जुन्या कागदी वेष्टनाच्या केबलना हा त्रास जास्त, जेली भरलेल्या केबलना कमी. पाण्यामुळे दोन तारांमध्ये किंवा तार आणि जमीन यांच्यात गळती सुरू होते आणि वरच्या फ्रिक्वेन्सींना सगळ्यात आधी फटका बसतो. अडचण अशी की माणूस येतो तोवर ऊन पडलेलं असतं आणि 'लाइन ओके' असा शेरा पडतो. म्हणून पावसातच तक्रार नोंदवा आणि त्या वेळचे आकडे (प्रश्न ९) टिपून ठेवा.

१२. दिवसभर ठीक, रात्री आठनंतर मात्र त्रास. का?

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. जोडणी टिकून फक्त वेग मंदावत असेल, तर सगळे एकाच वेळी नेटवर आलेत आणि कंपनीचं जाळं भरलंय. तारेचा त्यात दोष नाही.

जोडणीच तुटत असेल तर कारणं तीन. केबलमधल्या शेजारच्या जोड्या जाग्या होतात आणि त्यांची गळती वाढते. दिवे, टीव्ही, स्वस्त चार्जर चालू होतात. आणि मीडियम वेव्ह रेडिओ केंद्रं रात्री फार दूरवर ऐकू येतात. त्यांचा पट्टा, साधारण ५३० ते १६०० किलोहर्ट्झ, नेमका डीएसएलच्या पट्ट्यावर पडतो. चार्जरचा संशय असेल तर बॅटरीवरचा एएम रेडिओ दोन स्टेशनांच्या मधे लावा आणि घरभर फिरवा. ज्या उपकरणाजवळ तो खवळतो ते बंद करून बघा. पद्धत जुनी आहे, पण मला हीच सगळ्यात भरवशाची वाटते.

१३. अडलं की मोडेम बंद-चालू करावा का?

एकदा, जरूर. तासातासाला नको. पुष्कळ ठिकाणी लाइनवर नजर ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा असते. वारंवार तुटणं म्हणजे लाइन अस्थिर, असं समजून ती मार्जिन वाढवते आणि वेग उतरवते. तुम्ही हाताने बंद केलंय हे तिला नेहमीच कळतं असं नाही. वेग उतरलाच असेल तर मोडेम काही दिवस अखंड चालू ठेवा.

१४. फोन डेड आहे पण नेट चालू आहे. हे कसं शक्य आहे?

शक्य आहे, आणि हा फसवा बिघाड आहे. जोडीतली एक तार तुटली की थेट प्रवाह थांबतो, त्यामुळे फोन बंद. डीएसएलचा उच्च फ्रिक्वेन्सीचा सिग्नल मात्र छोटी फट ओलांडून जाऊ शकतो. मोडेम जोडतो, पण कमी वेगाने आणि वारंवार तुटत. नेट चालूच आहे म्हणून तक्रार टाळू नका. उलट प्रकार, म्हणजे फोन छान पण नेटचा दिवा लुकलुकत राहतो, हा जास्त दिसतो. त्यात फिल्टर (प्रश्न ३), मोडेम आणि एक्स्चेंजमधलं पोर्ट, याच क्रमाने संशय घ्या.

१५. वेग भरपूर आहे तरी गेममध्ये लॅग का?

लाइन इंटरलीव्ह केलेली असेल. अचानक आलेल्या गोंगाटाने सलग डेटा खराब होऊ नये म्हणून तो आधी विस्कटून पाठवतात आणि पलीकडे पुन्हा जुळवतात. चुका दुरुस्त होतात, पण वीसेक मिलिसेकंदांचा उशीर सहज वाढतो. तार स्वच्छ असेल तर कंपनीला 'फास्ट' प्रोफाइल मागा. तार गोंगाटाची असेल तर मागू नका, लॅगऐवजी तुटणं पदरात पडेल.

१६. काही साइट नीट उघडतात, काही अर्ध्यावर अडकतात. मोडेम तर हिरवा आहे!

एमटीयू, म्हणजे एका पाकिटात जास्तीत जास्त किती बाइट जातात तो आकडा, राउटरमध्ये तपासा. पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड टाकून होणाऱ्या) जोडणीत प्रत्येक पाकिटातले ८ बाइट वेष्टनात जातात, म्हणून नेहमीच्या १५००ऐवजी १४९२ ठेवावं लागतं. राउटर बदलल्यावर हा दोष हमखास उगवतो.

१७. वीज गेली तर?

साध्या फोनला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट मिळतात, तो चालू राहतो. मोडेम घरच्या विजेवर, म्हणून नेट जातं. छोट्या यूपीएसवर मोडेम बराच वेळ चालतो. मात्र डीस्लॅम रस्त्यावरच्या पेटीत असेल तर तिथल्या बॅटरीवरही सगळं अवलंबून आहे.

१८. एक्स्चेंज जवळ आहे तरी 'तुमच्या लाइनवर ब्रॉडबँड होणार नाही' असं सांगतात. खरं असू शकतं?

हो. लांबच्या लाइनवर आवाज स्पष्ट राहावा म्हणून पूर्वी तारेत ठरावीक अंतरावर लोडिंग कॉइल बसवत. त्या आवाजाला मदत करतात आणि वरचा पूर्ण पट्टा बंद करून टाकतात, आणि लाइनची फेररचना झाल्यावरही कधीकधी तशाच राहतात. दुसरं कारण, एका जोडीवर दोन ग्राहक चालवणारं उपकरण. तिसरं, तुमची लाइन वाटेत फायबरवर चढत असेल तर एक्स्चेंजपर्यंत सलग तांबं नाहीच. पहिल्या दोन्हींवर उपाय आहे: 'दुसरी सलग जोडी मिळेल का' हे नेमक्या याच शब्दांत विचारा.

१९. दोन लाइन घेतल्या तर वेग दुप्पट होतो का?

कंपनी बाँडिंग देत असेल तर जवळपास दुप्पट होतो. त्यासाठी दोन्ही टोकांना ते समजणारी उपकरणं लागतात. नुसत्या दोन जोडण्या एका राउटरला लावल्या तर घरातल्यांची कामं दोन वाटांत विभागली जातात, पण एकटी फाइल एकाच वाटेने उतरते.

२०. फोन कुणी वापरत नाही. लँडलाइन बंद केली तर नेट राहील?

आपोआप राहीलच असं धरू नका. बंद करण्याचा अर्ज म्हणजे बऱ्याचदा तांब्याची जोडीच सोडवण्याचा आदेश असतो, आणि सोडवलेली जोडी दुसऱ्याला दिली जाऊ शकते. काही कंपन्या आवाजाशिवाय नुसतं डीएसएल देतात. ते हवं असेल तर अर्जात तसं स्पष्ट लिहा आणि लेखी होकार हातात आल्यावरच फोन सोडा. फायबरवर जात असाल तर नवी जोडणी घरात चालू होऊन काही दिवस नीट टिकेपर्यंत जुनी लाइन ठेवा. आवाजाशिवायच्या नुसत्या डीएसएल लाइनवर डायल टोन नसेल, तर प्रश्न १०मधली ऐकून बघायची तपासणी करता येत नाही. तिथे प्रश्न ९मधल्या आकड्यांवरच विसंबावं लागतं.